गुरुवारचा बॅकअप

माझ्या टेबलावर एक जाड नोंदवही असते आणि तिच्यामुळे मी चाकणच्या आमच्या प्लँटमध्ये बरीच नावडती आहे. सर्व्हरवर कुणी काहीही बदललं, एखादा पासवर्ड, एखादी वायर, एखादं वेळापत्रक, की तारीख, कारण आणि सही त्या वहीत आलीच पाहिजे, असा माझा नियम. कॉम्प्युटरचं काम करणारी बाई कागदाची वही बाळगते म्हणून लोक हसायचे. मी हसू द्यायची. "नोंद नाही, तर बदल झालाच नाही," हे मी नव्या इंजिनियरांना पहिल्याच दिवशी ऐकवायची, तेही असा आवाज लावून की पोरांच्या हातातला चहा गार व्हावा. माझा स्वभाव तापट आहे, हे मला घरी आणि बाहेर सारखंच सांगितलं जातं आणि ते खरं आहे. आज लिहायचंय ते मात्र मी एकदा गप्प बसले त्याबद्दल.

आमच्याकडे मोटारगाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. प्रत्येक भाग तपासला की त्याची मापं सर्व्हरवर जातात. पुढे कधी गिऱ्हाईक कंपनीची तक्रार आली, की त्या दिवशीची मापं काढून दाखवायची, म्हणजे सुटका. तो सगळा साठा सांभाळणं हे माझं काम. प्रेस शॉपच्या बाजूला आठ बाय दहाची खोली, दोन सर्व्हर, एक एसी आणि दारावर 'चपला बाहेर काढा' अशी मीच लावलेली पाटी. आकुर्डीहून कंपनीच्या बसने यायचं, भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धी झोप काढायची आणि आल्याआल्या त्या खोलीचं दार उघडून हिरवे दिवे मोजायचे. सोळा असतात. सोळाच्या सोळा दिसले की मगच मी डबा जागेवर ठेवते.

आता बॅकअपचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सर्व्हरमधल्या माहितीची एक प्रत वेगळी काढून ठेवायची, म्हणजे उद्या सर्व्हर मेला तरी माहिती जगते. आम्ही रोज शिफ्ट बदलताना छोटी प्रत काढायचो, त्या दिवशी जेवढं नवं आलं तेवढ्याचीच. दहा दिवसांनी ती आपोआप पुसली जायची, कारण तोवर आठवड्याची पूर्ण प्रत झालेली असणार. आणि पूर्ण प्रत काढायला सर्व्हर मोकळा लागतो. तीन शिफ्ट चालणाऱ्या प्लँटमध्ये सर्व्हर रात्रीही मोकळा नसतो. मोकळा असतो तो फक्त गुरुवारी. या सगळ्या पट्ट्यात रविवारी भोंगे वाजतात आणि गुरुवारी सुट्टी असते, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना कितीदा समजावलं तरी पटत नाही. तेव्हा पूर्ण बॅकअप गुरुवारी सकाळी अकराला, हे मीच ठरवलं होतं.

फक्त एक अडचण होती. प्लँट बंद म्हणून वीज कंपनीही लाइनची कामं गुरुवारीच काढते. दर गुरुवारी नाही, पण बऱ्याचदा सकाळी गेलेली लाइट चारशिवाय येत नाही. म्हणून गुरुवारी मामा यायचे.

मामा म्हणजे आमचे इलेक्ट्रिशियन. कागदोपत्री कंत्राटदाराचा माणूस, पण साठीला आलेला आणि प्लँट उभा राहिला त्या दिवसापासूनचा. प्लँटची अर्धी जमीन त्यांच्या घराण्याची. मी जिथे सर्व्हर ठेवलेत तिथे त्यांची कांद्याची चाळ होती, हे त्यांनी मला कधीतरी एसीचा पाइप बसवताना सहज सांगितलं होतं. जमिनीचे पैसे आले, त्यात स्लॅबचं घर झालं, भावांनी गाड्या घेतल्या. मामांनी मात्र तेव्हाच्या साहेबांकडे एवढंच मागितलं होतं, की मला आत काम द्या. गळ्यातला गेटपास ते शर्टाच्या आत, छातीशी ठेवायचे. त्या पासवर ते रोज स्वतःच्या शेतात यायचे, असं म्हटलं तरी चालेल.

गुरुवारी ते एकटेच असायचे. लाइट गेली की माझ्या खोलीपुरता छोटा जनरेटर चालू करायचा, आली की बंद करायचा. जनरेटरच्या शेडमागे चिंचेचं एक झाड प्लँटवाल्यांनी कशी कोण जाणे ठेवलंय, त्याच्याखाली बसून भाकरी खायची. मी कधी गुरुवारी कामाला आलेच तर मलाही ठेचा द्यायचे आणि प्लँटच्या भिंती पुसून टाकून तिथली शेतं मला दाखवायचे. "त्या पेंट शॉपपाशी हीर व्हती," म्हणायचे. मी हो हो करायची आणि मोबाइलवर सर्व्हर बघायची.

तीन वर्षांपूर्वी नवा मोठा यूपीएस आला. बॅटऱ्यांवर साडेतीन तास सर्व्हर चालेल, असं बसवणारे म्हणाले आणि मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं. पूर्ण प्रतीला तेव्हा अडीच तास लागायचे. म्हणजे जनरेटरची गरज संपली. मला फार आनंद झाला होता. बॅटरी उतरत आली की सर्व्हरने आपोआप नीट बंद व्हायचं, लाइट आली की आपोआप चालू व्हायचं, ही व्यवस्था मी स्वतः बसवली होती. माणूस न लागता चालणारी माझी पहिली व्यवस्था. त्याच भरात मी चिंचेखाली गेले आणि म्हटलं, "मामा, आता गुरुवारी तुम्ही यायचं कारण नाही. बॅटरी पुरते."

मामांनी दोनदा विचारलं. "खरंच नगं का मॅडम?" आणि जरा वेळाने, "येऊन बसलो तर चालंल का, नुसतं?" मला वाटलं, ओव्हरटाइम बुडतोय म्हणून विचारतायत. मी म्हटलं, "नुसतं कशाला मामा, सुट्टी घ्या की. घरी मामींना जरा तोंड दाखवा." ते हसले आणि पुढच्या गुरुवारपासून आले नाहीत.

ही गोष्ट मी वहीत लिहिली नाही. का नाही लिहिली याचं उत्तर मी स्वतःला वेगवेगळं देऊन पाहिलंय, पण खरं उत्तर साधं आहे. मामांना काही सांगणं हा मला बदल वाटलाच नाही. वायर बदलली की बदल, माणूस बदलला की काय बदल? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पुढे काय झालं हे आज मला स्वच्छ दिसतं. क्वालिटीवाल्यांनी मापांबरोबर प्रत्येक भागाचे फोटो ठेवायला सुरुवात केली. साठा फुगला. अडीच तासांची प्रत चार तासांवर गेली, मग पाचवर. दुसरीकडे बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या. गुरुवारी लाइट गेली की प्रत अर्ध्यावर असतानाच सर्व्हर माझ्या आज्ञेप्रमाणे निमूट बंद व्हायचा. प्रत अर्धवट राहिली, हे कळवणारा ईमेल त्याच सर्व्हरवरून निघायचा. तोच बंद, तर खबर कोण देणार? शुक्रवारी मी यायची, सोळा दिवे हिरवे, रोजच्या छोट्या प्रतीचा संदेश 'यशस्वी'. मी डबा जागेवर ठेवायची.

गेल्या उन्हाळ्यात लाइनची कामं सलग दर गुरुवारी निघाली, आणि अशाच एका गुरुवारी संध्याकाळी लाइट झटके देत आली. शुक्रवारी सकाळी मी बसमधून उतरले तर माझ्या दारापाशी क्वालिटीची चार माणसं उभी, चपला घालूनच. आत चौदा दिवे हिरवे आणि दोन नारिंगी. माहिती साठवणाऱ्या हार्ड डिस्कपैकी एक मेली तर बाकीच्या सांभाळून घेतात. दोन एकदम गेल्या तर नाही. तरी मी घाबरले नव्हते. पूर्ण बॅकअप आहे ना, म्हणत खुर्चीत बसले आणि यादी उघडली. शेवटची धड पूर्ण प्रत अकरा आठवड्यांपूर्वीची होती. मी यादी बंद करून परत उघडली. शेवटच्या दहा दिवसांच्या छोट्या प्रती हातात होत्या, जुनं होतं, मधले सव्वादोन महिने कुठेच नव्हते. आणि त्याच सव्वादोन महिन्यांतल्या एका लॉटबद्दल गिऱ्हाईक कंपनीची तक्रार टेबलावर होती.

अर्ध्या तासात मला कारण समजलं. यूपीएसच्या नोंदींमध्ये दर गुरुवारचं बंद होणं लिहिलेलं होतं, आणि चिंचेखाली उभी राहून मी काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवलं.

प्लँट हेड साहेब आरडाओरडा करणारे नाहीत. ते दारात येऊन म्हणाले, "मॅडम, बारापर्यंत मला कारण लेखी द्या. गिऱ्हाईकाला रिपोर्ट पाठवायचाय." त्याच महिन्यात पुण्याची एक कंपनी त्यांना दोनदा भेटून गेली होती, सगळे सर्व्हर आमच्याकडे ठेवा, तुम्हाला इथे माणूसच लागणार नाही, असं सांगत. मी शेहेचाळीस वर्षांची आहे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये एका कॉम्प्युटरपासून सुरुवात करून इथवर आले. ह्या वयात मला कोण घेणार, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि तिथेच बसला. मी लिहिलं, "गुरुवारी वीज नसताना जनरेटर सुरू न झाल्यामुळे बॅकअप पूर्ण होऊ शकला नाही." वाचून पाहिलं. वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

दुपारी मीटिंग झाली. साहेब, एचआरचे मॅनेजर आणि मी. एचआरवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जनरेटर चालू करायचं काम कुणाचं?" आणि मामांना बोलावलं. मामा टोपी हातात घेऊन दारापाशी उभे राहिले. खुर्ची रिकामी होती, पण कुणी बसा म्हटलं नाही. मीही नाही.

"गुरुवारी तुम्ही येत नाही?"

"न्हाई साहेब. पैलं येत व्हतो. मॅडम म्हनल्या, आता नगं."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही असं सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "माझ्या वहीत तशी नोंद नाही."

नरो वा कुंजरो वा. माझ्या वहीचा दबदबा एवढा, की तिच्यात नाही म्हणजे घडलंच नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना मान्य होतं. ते मीच इतकी वर्षं आवाज चढवून त्यांच्या गळी उतरवलं होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग टोपी घातली.

चारच्या सुमारास ते माझ्या खोलीत आले. चपला बाहेर काढून. सर्व्हर रूमची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची, ती टेबलावर ठेवली. गळ्यात पास नव्हता. तो गेटवर जमा व्हायचा होता, पण एचआरवाल्यांनी आधीच काढून घेतला होता आणि त्यांना बाहेर सोडायला एक सिक्युरिटीवाला दारात उभा होता. मामा म्हणाले, "मॅडम, तुमी कामाच्या रगाड्यात इसरला असाल. व्हतं असं." मी मान खाली घालून किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली. तेव्हा जरी उठले असते, साहेबांची केबिन पंचवीस पावलांवर होती. मी उठले नाही. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी बसून राहिले, हे लिहायला मला आजही जड जातंय.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण तू खोटं काय बोललीस?"

"काहीच नाही."

"मग झालं तर," म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. तो वाईट माणूस नाही. त्याला माझी नोकरी हवी होती, जशी मला हवी होती. पण दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर न खाता खवखवत होतं. रविवारी मी कामावर होते, साहेब नव्हते. सोमवारी सकाळी डबा टेबलावर ठेवायच्या आत मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं. मामांना मीच नको म्हटलं होतं. ते खरं बोलत होते. वहीत मी लिहिलं नव्हतं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मॅडम, रिपोर्ट शनिवारीच गेला. त्यांनी तो मान्यसुद्धा केला." आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला असा रिपोर्ट देताना ठराविक रकाने भरावे लागतात. चूक का झाली, कुणाची, आणि त्यावर काय केलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जबाबदार कंत्राटी कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले. यापुढे आयटी प्रमुख दर गुरुवारी स्वतः हजर राहतील.' खाली साहेबांची सही. "आता आपण दुसरं कारण कळवलं," ते म्हणाले, "तर ते म्हणणार, ह्यांना आपल्या चुकीचं कारणच ठाऊक नाही. पुढची ऑर्डर जाईल. शंभर माणसांचा प्रश्न आहे. तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. आता कामाला लागा."

मी म्हटलं, "निदान मामांना परत घ्या."

"रिपोर्टमध्ये कमी केलंय असं लिहून परत कसं घेणार? त्यांचा ऑडिटर आला की गेटची यादी बघतो."

मी भांडायला हवं होतं. एरवी मी चहावाल्याशी साखरेवरून भांडते. पण केबिनबाहेर पडताना मला आधी वाटली ती सुटका. नोकरी राहिली. आणि सांगूनही झालं. दोन्ही एकदम मिळालं म्हणून छाती हलकी झाली होती, आणि ते जाणवल्यावर मला स्वतःची किळस आली.

तेव्हापासून दर गुरुवारी मी येते. लाइट गेली की जनरेटर चालू करते, आली की बंद करते. नव्या बॅटऱ्या आल्या, बॅकअप पूर्ण झाला की नाही ते दुसऱ्याच सर्व्हरवरून कळवलं जातं, महिन्यातून एकदा मी जुनी प्रत उघडूनही बघते. व्यवस्था आता चोख आहे. महिनाभर मी स्वतःला बजावत राहिले, की मामांच्या घरी जायचं. गाव प्लँटपासून दोन किलोमीटर. शेवटी एका गुरुवारी लाइट लवकर आली आणि माझ्यापाशी सबब उरली नाही.

मामा ओट्यावर कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. मला बघून उठले. "या मॅडम, या. अगं, मॅडम आल्यात, च्या टाक." मी वाटेत जुळवलेली सगळी प्रस्तावना विसरले आणि एका दमात बोलले, "मामा, मी विसरले नव्हते. त्या मीटिंगमध्ये मला सगळं आठवत होतं. तुम्हाला नको म्हटलेलं, तुम्ही दोनदा विचारलेलं, सगळं. नोकरी जाईल म्हणून मी बोलले नाही."

मामांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "साहेबांस्नी सांगितलं?"

"सांगितलं. सोमवारीच."

"मंग? बोलीवलंय मला?"

"नाही."

त्यांनी मिक्सरचं भांडं बाजूला ठेवलं. "मंग मला कशापायी सांगितलं?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "हिनं तुमाला लय शिव्या घातल्या मॅडम. मीच म्हनलं, बाई वाईट न्हाई, इसरली. इसरलेल्या मानसावर राग धरता येत न्हाई. म्हैनाभर त्येवढंच धरून बसलोय. आता तुमी त्ये बी घिऊन चालला."

मी माझं ओझं उतरवायला आले होते आणि ते कुणाच्या डोक्यावर उतरणार, हे मी पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात मामी चहा घेऊन बाहेर आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली आणि शेजारी टेकल्या. "मनाला लावून घिऊ नगा मॅडम. आदी मी बी लय बोलले तुमाला. पन ह्यांनी समजावलं. इसरतंय मानूस."

मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलते याची ते वाट बघत होते.

"हो मामी," मी म्हटलं. "विसरलेच मी."

त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं ते पहिलं सरळ खोटं. मामांनी मान खाली घातली आणि परत मिक्सरचा स्क्रू फिरवायला लागले.